कॅल्क्युलसमधला बी आणि बर्कलीचा हट्ट

प्रश्न: ताई, नमस्कार. मी १९ वर्षांची आहे. आठवीपर्यंत नाशिकला मराठी शाळेत शिकले, मग बाबांची बदली झाली आणि आम्ही कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला आलो. आता आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे. हायस्कूल संपल्यावर मनासारख्या यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) प्रवेश मिळाला नाही, म्हणून कूपर्टिनोच्या डी अँझा या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. दोन वर्षांनी ट्रान्स्फर घेऊन यूसी बर्कलीच्या हास बिझनेस स्कूलला जायचं, असं घरात ठरलं आहे. पहिलं वर्ष नुकतंच संपलं. ४५ युनिट (क्रेडिट) झाली. सगळीकडे ए आहे, फक्त कॅल्क्युलसच्या दुसऱ्या क्वार्टरला, म्हणजे तिमाही सत्राला, बी आला. कोर्स ५ युनिटचा होता. तेव्हापासून झोप उडाली आहे. तो पुन्हा घेता येईल का? मी तीन क्लबांत आहे, एकाची खजिनदार आहे. शनिवार-रविवार एका भारतीय किराणा दुकानात काम करते. हापूसच्या हंगामात पेट्यांची नोंदणी माझ्याकडे असते. लोक नाव लिहायचे आणि न्यायला यायचे नाहीत, म्हणून निम्मे पैसे आधी घ्यावेत असं मी मालकांना सुचवलं, आता पेट्या फारशा उरत नाहीत. पण हे काही अर्जात लिहिण्यासारखं नाही, तेव्हा दुकान सोडून चौथा क्लब धरावा का? बाबा म्हणतात, हास मिळालं नाही तर वर्षभर थांब, पुन्हा अर्ज कर, दुसरीकडे कुठे जायचं नाही. आणि आई पुण्याच्या आत्याला "ती कूपर्टिनोला शिकते" एवढंच सांगते, कॉलेजचं नाव घेत नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.
एक विद्यार्थिनी, सनीवेल

उत्तर: तुझं मूळ पत्र मोठं होतं, इथे जागेपुरतं घेतलं आहे. त्यात बी ग्रेडवर दीड पान होतं आणि दुकानावर चार ओळी. माझ्या उत्तरात हे प्रमाण उलटं होईल, कारण तुझ्या अर्जाचा जीव त्या चार ओळींत आहे असं मला मनापासून वाटतं. पण आधी बीचं बघू, म्हणजे तुला झोप तरी लागेल.

कोर्स पुन्हा घेऊन उपयोग नाही. सी किंवा त्याच्या वरची ग्रेड मिळालेला कोर्स परत केला, तरी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे आपली यूसी, नवी ग्रेड धरत नाही. ती सवलत सीच्या खाली गेलेल्यांसाठी आहे. तेव्हा तो विषय मिटला. आता कागद घे. एला युनिटमागे ४ गुण आणि बीला ३, तेव्हा ४० युनिटांचा ए म्हणजे १६० गुण, ५ युनिटांचा बी म्हणजे १५. एकूण १७५, भागिले ४५, झाला जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ३.८९. फॉलमध्ये, म्हणजे सप्टेंबरपासूनच्या क्वार्टरमध्ये, १५ युनिट घेऊन सगळीकडे ए राखलास तर ६० युनिटांवर ३.९२ होतात. हासला ट्रान्स्फरने प्रवेश मिळणाऱ्यांचा जीपीए साधारण ३.९ च्या घरात असतो. म्हणजे तू अजून शर्यतीत आहेस. एका बीमुळे अर्ज बाजूला पडत नाही. आणखी दोन बी आले तर मात्र पडू शकतो. म्हणून बीची भरपाई करायला फॉलमध्ये २० युनिटांचं ओझं उचलू नकोस. ट्रान्स्फरसाठी यूसीला ९० क्वार्टर युनिट लागतात, त्यातली निम्मी तुझी झाली आहेत. दर क्वार्टरला १५ घेतलीस की वेळेत पुरी होतात.

फॉलवर माझा एवढा भर का, तेही सांगते. अर्ज भरायची मुदत नोव्हेंबर ३० च्या आसपास असते आणि तेव्हा तुझा फॉल क्वार्टर चालूच असतो. त्याच्या ग्रेड कळवायच्या असतात त्या जानेवारीत, ट्रान्स्फर अकॅडेमिक अपडेट नावाच्या फॉर्मवर. त्याची मुदत जानेवारी ३१. मुलं नोव्हेंबरमध्ये अर्ज पाठवून सुटकेचा श्वास टाकतात आणि हा फॉर्म विसरतात. तो अर्जाचाच भाग समज. विंटर आणि स्प्रिंगला कुठले कोर्स घेणार हेही त्यात लिहायचं असतं. नंतर त्यातला एखादा सोडलास किंवा बदललास, तर कॅम्पसला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यामुळे मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

खरं तर मला तुझ्या बीपेक्षा दुसरीच काळजी वाटते. एवढ्या लांब पत्रात असिस्टचा उल्लेख कुठेच नाही. असिस्ट डॉट ऑर्ग ही कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांची अधिकृत साइट आहे. तिथे डावीकडे-उजवीकडे तक्ता येतो: बर्कलीच्या या कोर्सला डी अँझाचा कुठला कोर्स चालतो. हाससाठी कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, इंग्रजी वाचन-लेखनाचे दोन कोर्स, हे सगळं आधी व्हावं लागतं आणि ते ज्या फॉलला प्रवेश हवा त्याच्या आधीच्या स्प्रिंगपर्यंत व्हावं लागतं. "एक कोर्स राहिला, उन्हाळ्यात करून टाकते" हे तिथे चालत नाही. तुझं कॉलेज क्वार्टरवर चालतं आणि बर्कली सेमिस्टरवर, त्यामुळे कोर्स एकास एक जुळत नाहीत. तक्त्यात दोन कोर्सांच्या मध्ये "आणि" लिहिलेलं असलं तर दोन्ही पुरे करावे लागतात, एकावर भागत नाही. अकाउंटिंग डी अँझात तीन क्वार्टरमध्ये वाटलेलं आहे. हासची पूर्वतयारी म्हणून ते नसलं तरी यूसीएलएच्या बिझनेस इकॉनॉमिक्ससारख्या ठिकाणी अकाउंटिंग लागतं आणि अर्धवट टाकलेल्या मालिकेचा उपयोग फार कमी असतो. म्हणून या आठवड्यात बस, आणि बर्कलीचाच नाही तर तुझ्या मनातल्या प्रत्येक कॅम्पसचा तक्ता छापून घे. चार-पाच कागद शेजारी ठेवलेस की दिसेल, बहुतेक कोर्स सगळीकडे तेच आहेत आणि फरक दोन-तीन कोर्सांचा आहे. ते दोन-तीन विंटर आणि स्प्रिंगमध्ये कसे बसवायचे, एवढाच प्रश्न उरतो. ट्रान्स्फर काउन्सिलरकडे जाशील तेव्हा हे कागद घेऊन जा. भेट अर्ध्या तासाची असते. "मी काय घेऊ?" असं विचारलंस तर ती वेळ सर्वसाधारण माहितीत जाईल, "हे दोन कोर्स एका क्वार्टरमध्ये जमतील का?" असं विचारलंस तर उत्तर घेऊन बाहेर पडशील.

एक गोष्ट फक्त तुझ्यासारख्यांसाठी. हासची परदेशी भाषेची अट असते. यूसीच्या आयगेटसी नावाच्या सामान्य शिक्षणाच्या आराखड्यात अशी सोय होती की सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमात शिकलेल्या मुलाची भाषेची अट त्या शिक्षणावर पुरी धरता येई. २०२५ च्या फॉलपासून नव्या मुलांसाठी त्या आराखड्याची जागा कॅल-जेटसीने घेतली आहे, तेव्हा तुला अशी सूट मिळते का ते विचारावं लागेल. तू आठवीपर्यंत मराठी शाळेत होतीस. त्या वर्षांच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घरात कुठे आहे ते आजच शोध. नसतील तर नाशिकच्या शाळेतून मागवायला वेळ लागतो, नातेवाइकांना दोन खेटे पडतात. ते हातात ठेवून काउन्सिलरला विचार. जमलं तर भाषेचे कोर्स वाचतील आणि तेवढी युनिट तुला हव्या त्या विषयाला देता येतील.

आता दुकान. ते सोडू नकोस. चौथा क्लब धरू नकोस. तीनपैकी जिथे तू खजिनदार आहेस आणि खरोखर पैशांचा हिशोब सांभाळतेस तो ठेव. बाकीचे दोन नावापुरते असतील तर सोडून दे. अर्ज वाचणाऱ्याने बिझनेस क्लबचा उपाध्यक्ष शेकड्याने पाहिलेला असतो. हापूसच्या पेट्यांची नोंदणी बदलणारी मुलगी त्याने पाहिली नसेल.

तू हे काम क्षुल्लक समजतेस, म्हणून जरा तपशिलात जाते. अमेरिकेने भारतीय आंब्याला २००७ मध्ये पुन्हा दार उघडलं, तेही विकिरण, म्हणजे कीड मारण्यासाठी किरणांचा मारा, करूनच पाठवायचा या अटीवर. सुरुवातीला ते विकिरण तुझ्याच जिल्ह्यात, लासलगावच्या केंद्रात होत असे, पुढे वाशीलाही सोय झाली. हा आंबा विमानाने येतो. म्हणून पेटी महाग, आणि दुकानात पोचते तेव्हा फळ पिकायला आलेलं. म्हणजे मालकाच्या हातात फार थोडे दिवस असतात. अशा मालात नाव लिहून न येणारं गिऱ्हाईक म्हणजे थेट तोटा. ती पेटी सोमवारी कुणी पूर्ण किमतीला घेत नाही. तू हे पाहिलंस, त्यामागचं कारण ओळखलंस, आणि निम्मे पैसे आधी घ्यायचा उपाय सुचवलास. मागणीचा अंदाज, नाशवंत मालाची जोखीम, ती जोखीम दुकान आणि गिऱ्हाईक यांच्यात कशी वाटायची, किंमत आणि वागणूक यांचा संबंध, बिझनेस स्कूलमध्ये हेच शिकवतात. तू ते पगारी कामावर, तिखट प्रश्न विचारणाऱ्या काकूंसमोर उभं राहून केलं आहेस.

पण चार ओळींनी काम होणार नाही. मला तुझ्या पत्रातून कळलं नाही अशा गोष्टी बऱ्याच आहेत. निम्मे पैसे घ्यायला सुरुवात करण्याआधी किती पेट्या उरायच्या आणि आता किती उरतात? पैसे आधी मागितल्यावर कुणी चिडून दुसऱ्या दुकानात गेलं का? गेलं असेल तर तो तोटा तू हिशोबात धरलास का? विमान एक दिवस उशिरा आलं तर ज्यांनी पैसे भरले त्यांना फोन कोण करतं आणि काय सांगतं? नोंदणी वहीत आहे की संगणकावर? मालक आधी तयार नव्हते का, आणि मग कशाने तयार झाले? याची उत्तरं मालकांकडे बसून मिळव. जुन्या वह्या त्यांनी ठेवल्या असतील तर त्या पाहा. आकडा कमी निघाला तरी चालेल. "दहा पेट्यांऐवजी तीन उरल्या" हे वाक्य खरं असेल तर ते "नेतृत्व केलं" या वाक्यापेक्षा दसपट बोलतं. आणि आकडे फुगवू नकोस. यूसी काही अर्ज निवडून त्यातल्या माहितीचे पुरावे मागते, आणि तुझा अर्ज त्यात येणारच नाही असं धरून चालायचं नसतं.

हे जाणार कुठे? यूसीच्या अर्जात ट्रान्स्फरच्या मुलांना चार छोटी उत्तरं लिहायची असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. त्यातला एक प्रश्न सक्तीचा असतो: ज्या विषयात जायचं आहे त्याची तयारी तू कशी केलीस. उरलेले तीन सातांमधून निवडायचे. माझ्या मते सक्तीच्या उत्तरात दुकान आणि इकॉनॉमिक्सचा वर्ग एकत्र यायला हवेत. वर्गात मागणीची लवचीकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते) शिकलीस आणि शनिवारी तीच पेट्यांच्या किमतीत दिसली, असा एखादा धागा तुझ्याकडे नक्की असेल. लहानपणापासून व्यवसायाची आवड होती, असली सुरुवात करू नकोस. पहिलं वाक्य साधारण असं असावं: मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी दुकानात हापूसच्या इतक्या पेट्या उरल्या आणि मालक मला म्हणाले, आता या कोण घेणार? आकडा तुझा, शब्द तुझे. वाचणारा त्या संध्याकाळी तुझ्यासोबत गल्ल्यापाशी उभा राहिला पाहिजे.

दोन खबरदाऱ्या. हीच चार उत्तरं तू निवडलेल्या प्रत्येक यूसी कॅम्पसला जातात, वेगवेगळी लिहायची सोय नाही. म्हणून त्यात बर्कलीचं नाव घालू नकोस, यूसीच्या डेव्हिस कॅम्पसवालाही तेच वाचणार आहे. आणि हासची चार तत्त्वं, क्वेश्चन द स्टेटस को, कॉन्फिडन्स विदाउट ॲटिट्यूड, स्टुडंट्स ऑलवेज, बियाँड युअरसेल्फ, ही साइटवरून उचलून उत्तरात पेरू नकोस. दरवर्षी बरेच जण ते करतात. निम्मे पैसे आधी घेण्याची कल्पना मांडलीस तिथेच पहिलं तत्त्व आलं, त्याला लेबल लावायची गरज नाही. दुकानाचं काम अर्जाच्या उपक्रमांच्या यादीतही नोकरी म्हणून टाक, आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे खरे लिहून. यूसी एसएटी ही प्रवेशपरीक्षा पाहत नाही आणि तुझं हायस्कूलचं प्रगतिपुस्तक आता तुझ्या वाटेत येत नाही. शिफारसपत्रंही अर्जासोबत लागत नाहीत. म्हणजे तुझे कोर्स, तुझ्या ग्रेड आणि हे चौदाशे शब्द, यांवरच सगळी भिस्त आहे. अर्ज गेल्यानंतर डिसेंबर-जानेवारीत रोज ईमेल उघड, स्पॅमसुद्धा. एखाद्या कॅम्पसने आणखी काही मागवलं तर त्याची मुदत थोडी असते.

बाबांच्या म्हणण्यावर मी स्पष्ट बोलणार आहे, त्यांना हे वाचायला दे. बाबा, तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. हास हे मोठं नाव आहे. १८९८ मध्ये कॉलेज ऑफ कॉमर्स म्हणून सुरू झालेली ती संस्था, सरकारी विद्यापीठातलं देशातलं पहिलं बिझनेस स्कूल. २०२४ पासून तिने हायस्कूलच्या मुलांना थेट पहिल्या वर्षाला घेऊन चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि ट्रान्स्फरची मुलं तिसऱ्या वर्षाला येतात. त्या जागा थोड्या आहेत. ट्रान्स्फरच्या शंभर अर्जांमागे दहा जणांनाही प्रवेश मिळत नाही, आणि ज्यांना मिळत नाही त्यांतल्या कित्येकांचा जीपीए तुमच्या मुलीपेक्षा चांगला असतो. अशा ठिकाणी अर्ज जरूर करावा. पण आयुष्याची दोन-तीन वर्षं त्या एका उत्तरावर टांगून ठेवू नयेत.

वर्षभर थांबून काय बदलेल, ते पाहू. ग्रेड त्याच राहतील. कम्युनिटी कॉलेजात पहिल्या दोन वर्षांचेच कोर्स असतात, तेव्हा तिसऱ्या वर्षी मुलगी शिकणार काय? नवी युनिट जमतील, पण पदवीसाठी त्यांचा उपयोग होणार नाही. पुढच्या वर्षीही शंभरातले थोडेच निवडले जातील. आणि या वर्षी ज्या चांगल्या कॅम्पसनी हो म्हटलं त्यांना नाही म्हणावं लागेल, पुन्हा तेच हो म्हणतील याची हमी नाही. शिवाय पदवी एक वर्ष उशिरा म्हणजे पहिला पगार एक वर्ष उशिरा. मला यात मुलीच्या हाती लागणारं काहीच दिसत नाही.

बाकीची दारं काय आहेत ते बघा. यूसीच्या सहा कॅम्पसना, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ यांना, ट्रान्स्फर ॲडमिशन गॅरंटी आहे. तिला सगळे टॅग म्हणतात. ठरलेले कोर्स आणि ठरलेला जीपीए पुरा केला तर जागा नक्की. बर्कली, यूसीएलए आणि सॅन दिएगो यात नाहीत. टॅगचा अर्ज सप्टेंबर १ ते ३० या एका महिन्यातच भरता येतो आणि एकाच कॅम्पसला भरता येतो. कुठल्या विषयाला टॅग चालतो आणि किती जीपीए हवा हे कॅम्पसगणिक बदलतं, ते त्या वर्षीच्या तक्त्यात पाहा. टॅग भरल्याने हासचा अर्ज अडत नाही. म्हणजे हमीची एक जागा खिशात ठेवून बर्कलीला अर्ज करता येतो आणि हे न करणारे पालक पाहिले की मला खरंच वाईट वाटतं. डेव्हिसला मॅनेजेरियल इकॉनॉमिक्स आहे, सांता बार्बराला इकॉनॉमिक्स अँड अकाउंटिंग, अर्व्हाइन आणि रिव्हरसाइडला बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन. यूसीएलएचं बिझनेस इकॉनॉमिक्सही आहे, तिथे गॅरंटी नसली तरी. आणि सॅन होजे स्टेटला कमी लेखू नका. असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर ही कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षांची पदवी केली की कॅल स्टेट, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, व्यवस्थेत कुठे ना कुठे जागा मिळण्याची हमी असते आणि उरलेली पदवी ६० सेमिस्टर युनिटांत पुरी करता येते. सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांच्या अकाउंटिंग आणि फायनान्स विभागांत सॅन होजे स्टेटचे पदवीधर जागोजागी दिसतात. "आधी बर्कलीत दुसऱ्या विषयात घुसू, मग आतून हासला बदलू" असाही बेत काही घरांत शिजतो. तो धरून चालू नका.

मोठ्या गुंतवणूक बँकांचा विचार मनात असेल तर तेही मोकळेपणी सांगते. तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्याची इंटर्नशिप त्या बँका दुसऱ्या वर्षातच भरू लागतात, म्हणजे ट्रान्स्फरची मुलं कॅम्पसवर पाय ठेवायच्या आधी. मुलीला तोच रस्ता हवा असेल तर तिने येत्या विंटरपासून माहिती काढायला हवी. अकाउंटिंग फर्म आणि कंपन्यांचे फायनान्स विभाग यांची भरती तिसऱ्या वर्षाच्या फॉलमध्येही बरीच असते, तिथे ट्रान्स्फरवाल्याला उशीर झालेला नसतो.

आता आई. मुली, आईवर रागावू नकोस. पुण्याच्या आत्याला कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते माहीत नाही. हा प्रवेश न मिळालेल्या मुलांचा कोपरा आहे, असं तिला वाटेल, ही भीती आईला आहे. आत्याला एक गोष्ट सहज कळेल: दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणं. आपल्याकडे किती उत्तम इंजिनिअर या वाटेने आले, ते आत्याच्याच ओळखीत चार निघतील. कॅलिफोर्नियाने ही वाट १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये ठरवून बांधली. वर यूसी, मग कॅल स्टेट, आणि सगळ्यांना खुली कम्युनिटी कॉलेजं, आणि तिथून वर जाण्याचा रस्ता राखीव. आजही यूसीला ट्रान्स्फरने येणाऱ्यांत कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांची मुलंच बहुसंख्य असतात आणि निवडीत त्यांना अग्रक्रम असतो. पदवीच्या कागदावर मुलगी पहिल्या वर्षी आली की तिसऱ्या, हे लिहिलेलं नसतं.

आणि पैशाचं बोल, आत्याला तेही पटेल. डी अँझात रहिवासी विद्यार्थ्याला एका क्वार्टर युनिटमागे ३१ डॉलर पडतात. ९० युनिटांचे २,७९० डॉलर, वर किरकोळ फी आणि पुस्तकं. बर्कलीत एका वर्षाचं शिक्षण शुल्क आणि इतर फी १५ हजार डॉलरांच्या वर जाते, राहणं-खाणं वेगळं. आईवडिलांचे एवढे पैसे तू वाचवलेस, ही लपवायची गोष्ट कशी? पुढच्या वेळी आत्याचा फोन येईल तेव्हा तूच घे आणि कॉलेजचं नाव तूच सांग. आई तुझ्या आवाजावरून ठरवेल पुढे काय सांगायचं ते. दुसरं म्हणजे, जे घर कॉलेजचं नाव घेत नाही त्या घरातलं मूल काउन्सिलरकडे, ट्रान्स्फर सेंटरकडे, ट्यूटरकडेही जायला लाजतं, हे मी वारंवार पाहिलं आहे. तू लाजू नकोस. कॅल्क्युलसचा पुढचा क्वार्टर सुरू होईल तेव्हा पहिल्या आठवड्यापासून ट्यूटरिंग सेंटरला जा, परीक्षा जवळ आल्यावर नको.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदारांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेल्या मुलांच्या पालकांसाठी दोन शब्द, कारण तुमची पत्रंही बरीच येतात. या मुलीला पगारी नोकरी करता येते, एच-४ वरच्या मुलाला येत नाही. त्याने खऱ्या स्वयंसेवी संस्थेत काम करावं. पगाराची जागा फुकट भरणं हे स्वयंसेवेत बसत नाही. आणि वयाची २१ वर्षं पुरी झाली की एच-४ संपतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेल्यास रहिवासी म्हणून मिळणारी फीची सवलत जाऊ शकते, आणि यूसीत बाहेरच्यांना वर्षाला ३० हजार डॉलरांहून जास्त जादा शिक्षण शुल्क भरावं लागतं. ट्रान्स्फरची दोन वर्षं आणि मुलाचा एकविसावा वाढदिवस एकाच कागदावर मांडा, आणि इमिग्रेशनच्या वकिलाला विसाव्या वर्षीच गाठा.

मुली, तुझ्यासाठी पुढचे काही महिने असे: या आठवड्यात असिस्टचे तक्ते आणि नाशिकचे कागद. ऑगस्ट १ ला यूसीचा अर्ज उघडतो, तेव्हा खातं काढून कोर्स आणि ग्रेड भरायला घे, त्यात वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ जातो. सप्टेंबरमध्ये टॅग. बाबांशी बोलणं मात्र ऑगस्टमध्येच कर, निकाल हातात असताना नको. निकाल एप्रिलअखेरपर्यंत येतात आणि जागा पक्की करायची मुदत जून १ असते. त्या पाच-सहा आठवड्यांत घरात भांडण सुरू झालं तर निर्णय घाईत होतो. बाबांना चार-पाच कॅम्पसची नावं लिहून दाखव, ती त्यांच्यासोबत बसून ठरव, आणि यातलं कुठलंही मिळालं तरी मी जाणार, हे त्यांच्याकडून कबूल करून घे. सक्तीच्या प्रश्नाचा पहिला खर्डा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मला पाठव. शब्द जास्त झाले तरी चालतील, कापाकापी नंतर करू. पण मालकांच्या वहीतले आकडे त्यात असू देत.